कुणाचं हाय का ह्ये?

गल्लीच्या तोंडाशी तो थांबायचा. पिशवी पाठीमागे धरून समोरच्या कुत्र्याकडे बोट करायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "कुणाचं हाय का ह्ये?" मग उत्तराची वाट बघायचा. एखादं दार उघडून कुणी "आमचं हाय" म्हटलं, तर "बांधा मग" एवढंच बोलून पुढे जायचा. कुणीच बोललं नाही, तर पिशवीतून विषाचा लाडू निघायचा.

नगरपालिकेनं मोकाट कुत्री मारायला ठेवलेला माणूस. मी तिथेच आरोग्य खात्यात कारकून होते. गल्ल्यांच्या याद्या माझ्याकडे. सातारा-सांगली रस्त्यावरचं आमचं गाव लहान, आणि बहात्तरच्या दुष्काळानंतर कुत्री फार झाली होती. लोक अर्ज करून त्याला बोलवायचे आणि तो आला की लेकरांना आत ओढायचे. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याचं काम सगळ्यांना हवं आणि सावली कुणालाच नको. स्टँडसमोरच्या हॉटेलात त्याला चहा मिळे, पण बाकड्यावर शेजारी कुणी बसत नसे.

"ऐसपैस बसाय मिळतंय बाई," तो म्हणायचा, "मामलेदारालाबी एवढी जागा न्हाई."

तो औंधच्या पलीकडचा, मेंढ्या राखणाऱ्या घरातला. लहानपणी कुत्र्यांच्या कुशीत झोपलेला. दुष्काळात कळप गेला, म्हणून ही नोकरी. विचारण्यात एवढा वेळ कशाला घालवता, असं मी एकदा म्हटलं. तो म्हणाला, "मानूस एकला असला की वाईट वागतोय बाई. चारचौघांत इच्यारलं की हात थांबतो. माझाबी."

स्टँडवर एक तांबडी कुत्री होती. हॉटेलवाला तिला पाव टाकायचा, हमाल भाकरी द्यायचे. यादीत स्टँड आलं त्या दिवशी त्यानं तिच्याकडे बोट केलं. हॉटेलवाला कपबशा विसळत राहिला, हमालांनी बिड्या पेटवल्या. आपली म्हटली तर घरी न्यायची, नगरपालिकेचा बिल्ला काढून तिच्या गळ्यात बांधायचा. त्यानं पुन्हा विचारलं. शेवटी स्वतःच म्हणाला, "माझं हाय."

बिल्ला न्यायला आला तेव्हा ऑफिस हसलं. कसायानं शेळी पाळली, असं हेडक्लार्क म्हणाले. तोही हसला. पण त्या दिवसापासून संध्याकाळी त्याला घरी जायची घाई असे.

पुढच्या उन्हाळ्यात एका हमालाला अंधारात कुत्रं चावलं. तांबडंच होतं, असं कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. कुत्री रात्रभर आपल्या खोलीत बांधलेली होती, हे त्यानं परोपरीनं सांगितलं. थोडे दिवस बांधून लक्ष ठेवायचं, पिसाळली नाही तर सोडायची, असा नियमही होता. पण हॉटेलात घोळका जमला. मी नोंद घ्यायला गेले होते. ज्यांनी तिला खाऊ घातलं, तेच आता तिला मार म्हणत होते.

त्यानं पिशवीतले लाडू काढून टेबलावर ठेवले. "कुत्री माझ्या दारात हाय. ज्याला वाटतंय त्यानं आपल्या हातानं टाकावा. आमी समदी बघतो."

कुणी हललं नाही. एकानं मान खाजवली, एकाला एस.टी.ची आठवण झाली. घोळका पांगला. उभ्या उभ्या बोलतच त्यानं लाडू पिशवीत भरले. "बघितलं का बाई?" त्याचा चेहरा उजळला होता. मोजायचं मात्र त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात मरून पडली होती. पिशवीत एक लाडू कमी होता. चारचौघांत न उठलेला हात नंतर एकटाच तिच्यापर्यंत गेला होता.

तक्रार मी लिहून देते, म्हटलं. त्यानं मान हलवली. "नगं बाई. कोन ते ठावं न्हाई, म्हनून समद्यांना रामराम तरी घालतोय. कळलं तर त्योबी एक मानूस जायचा."

त्यानंतर तो फिरायचा, विचारायचा, पण उत्तरासाठी इतका थांबायचा की कुत्रं कंटाळून निघून जायचं. तक्रारी वाढल्या. एक दिवस पिशवी धुऊन माझ्या टेबलावर ठेवली आणि तो आपल्या मुलखाकडे निघून गेला. कुत्रं मेलं की त्याचा बिल्ला परत घ्यायचा असतो. मी मागितला नाही.

नवा माणूस लगेच मिळाला. तो विचारत नसे. काम निम्म्या वेळात उरकू लागलं. तक्रार एकही आली नाही.