खाजेला दहापैकी किती गुण?

हार्टच्या डॉक्टरकडे किस्से कमी असतात, असं माझं मत आहे. तिथे आलेला माणूस घाबरलेला असतो, आणि घाबरलेला माणूस मोजकंच बोलतो. कातडीच्या दवाखान्याचं तसं नाही. नायट्यानं कुणी मरत नाही, पण नायटा कुणाला सुखानं बसूही देत नाही. त्यामुळे पेशंट धड गंभीर नसतो, धड निवांत नसतो, आणि एका हातानं खाजवत तोंडाला येईल ते बोलतो! मी अशा ठिकाणी तीन वर्षं नोकरी केली. किस्से मी गोळा केले नाहीत. शेतातून आल्यावर पदराला कुसळं निघतात तसे ते निघत गेले.

नव्वदीची शेवटची वर्षं. येडगावच्या धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावर भाड्याच्या दोन खोल्या, तेच आमचं केंद्र. नायट्यावरच्या एका नव्या मलमाची तपासणी तिथे चालायची. आमचे सर, डॉक्टर पेंडसे, पुण्यातली चालती प्रॅक्टिस सोडून या कामासाठी आलेले. मी निरगुडसरची, नर्सिंग केलेली. मोपेडवरून गावोगाव फिरून पेशंट आणायचे, आणि आणलेले पेशंट पुन्हा पुन्हा आणायचे, हे माझं काम. पहिल्यापेक्षा दुसरं दसपट अवघड!

मुंबईच्या कंपनीची अट अशी की साठ पेशंट घ्यायचे आणि आठ आठवडे टिकवायचे. पाचापेक्षा जास्त गळाले तर काम बंद, केंद्राला कुलूप. सरांच्या सासऱ्यांनी तर आधीच ऐकवून ठेवलं होतं, "सहा महिन्यांत गाशा गुंडाळून येणार तुम्ही." सर हे वाक्य आम्हाला अधूनमधून सांगायचे आणि सांगताना हसायचे. ते हसणं काही खरं नव्हतं.

*

पहिला पेशंट निमगाव सावाचा. गेनूभाऊ, वय साठीच्या पुढे, कमरेभोवती नायट्याचा पट्टा. सरांनी त्याला नियमाप्रमाणे सगळं समजावलं. निम्म्या लोकांना औषध घातलेलं मलम मिळणार, निम्म्यांना नुसतंच मलम. ट्यूब दिसायला सारखी. कुणाला काय मिळालं ते पेशंटला कळणार नाही आणि डॉक्टरलाही कळू द्यायचं नाही. आठ आठवडे झाले की सगळ्यांना खरं औषध फुकट.

गेनूभाऊनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी मला म्हाईत न्हाई?"

"नाही."

"आन् तुमाला बी म्हाईत न्हाई?"

"मलाही नाही."

"मंग मी एवढी येष्टी बदलून आलो कशाला? न्हाई म्हाईत असनारी मानसं आमच्या गावात काय कमी हायती?"

सर पार गार पडले. मला वाटलं, पहिलाच पेशंट गेला. पण गेनूभाऊनं अंगठा उठवला आणि गावात जाऊन सांगितलं, "डाक्टर लई सरळ मानूस हाय. कळत न्हाई तर कळत न्हाई म्हनतो." पुढच्या आठवड्यात निमगाव सावाहून अकरा जण आले. आजवर आपल्याला खरं सांगणारा डॉक्टर भेटलाच नव्हता, असं त्यांचं म्हणणं!

*

औषध सुरू करायच्या आधी नायट्याचा फोटो काढायचा असतो. पुढे बरं वाटलं की नाही हे ताडून बघायला. मी सगळ्यांना निरोप दिले, "मंगळवारी फोटो आहे."

मंगळवारी केंद्रात लग्नघर उतरलं! बाया पैठण्या नेसून, नाकात नथ घालून. एका आजोबांनी फेटा बांधलेला. एक जण तर भाड्यानं कोट आणून घालून आला होता, नायटा मांडीवर.

विठाबाई नावाच्या एक पेशंट होत्या, त्याही निमगाव सावाच्याच. कोपरापासून मनगटापर्यंत एवढा थोरला नायटा, मी स्वतः नोंदवलेला. सरांनी कॅमेरा लावला आणि हात पुढे घेतला, तर हात गोरापान, नितळ! सर माझ्याकडे बघायला लागले, मी विठाबाईंकडे.

"विठाबाई, नायटा कुठे गेला?"

"हाय की. वरनं पावडर लावलीया."

"अहो, पावडर कशाला?"

"फोटू काय रोज निघतोय व्हय बाई? त्यात बी ह्यो मेला दिसाया पायजे?"

ओल्या कापसानं पावडर पुसून फोटो काढला. विठाबाईंना तो अजिबात आवडला नाही. "त्वांड कुठंय माजं?" असं त्यांनी प्रत्येक भेटीत विचारलं.

*

तिसऱ्या आठवड्यात पश्चिमेच्या डोंगरातला काशिनाथ आला. भातलावणीचे दिवस. तो आला याचाच सरांना एवढा आनंद झाला की त्यांनी त्याला चहा पाजला. पायाचा नायटा तपासला, फॉर्म भरला. मग सर थबकले. मागच्या वेळी नायटा डाव्या पायाला होता. आता तो उजव्या पायाला!

सर घाबरले. हा आजार असा उड्या मारायला लागला तर वैद्यकशास्त्रात खळबळ. त्यांनी भिंग काढलं, पट्टी लावली, मला कागदावर चित्र काढायला बसवलं. अर्धा तास हे चाललं, आणि माणूस बिचारा चुळबुळ न करता पाय पुढे धरून बसलेला.

शेवटी मी विचारलं, "काशिनाथ, दुसऱ्या पायाचा कसा काय गेला हो?"

"काशिनाथ लावनीला गेलाय. म्या त्याचा भाऊ."

"मग तुम्ही का आलात?"

"तुमीच म्हनला व्हता, गैरहजर ऱ्हायचं न्हाई. म्हून बदली आलो!"

*

ट्यूब परत आणायची आणि आम्ही ती वजन करून घ्यायची, असा नियम होता. किती मलम लावलं ते त्यावरून समजतं. लोकांना एवढंच समजलं की रिकामी ट्यूब आणली की डॉक्टर खूश. मग काय! ट्यूब चेपून, लाटण्यानं लाटून आणायचे.

येडगावच्या एकानं तर हद्दच केली. उरलेलं मलम त्यानं कालवडीच्या मानेवरच्या नायट्याला लावलं, आणि कालवडीला गुण आला! तो कालवड घेऊनच केंद्रात हजर. दोर धरून दारात उभा. "हिचं बी कार्ड काडा, डाक्टर."

सर पडले सरळमार्गी. त्यांनी मुंबईला फॅक्स केला, की अमुक नंबरच्या पेशंटच्या घरात आणखी एकीला मलम लावण्यात आलं, तिला फायदा दिसतो. उलट टपाली प्रश्न आले. वय काय? स्त्री की पुरुष? पेशंटशी नातं काय? सर पुण्याला गेलेले, म्हणून उत्तरं मी लिहिली. वय दीड वर्ष. स्त्री. नातं, घरचीच.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून खरमरीत फॅक्स आला. "अठरा वर्षांखालील पेशंटना औषध देण्यास सक्त मनाई आहे!"

*

आता ज्यामुळे आमचं केंद्र खरोखरच बुडायची वेळ आली, ती गोष्ट.

फॉर्म मुंबईत छापलेले. मराठीही तिथेच कुणीतरी केलेलं. त्यात दर भेटीला एक प्रश्न होता, "आपल्या खाजेला शून्य ते दहा यांपैकी किती गुण द्याल?" म्हणजे अजिबात खाज नसेल तर शून्य, जीव घेणारी खाज असेल तर दहा. साधं, सोपं.

पहिल्या भेटीत रक्त येईपर्यंत खाजवणारी माणसं आम्हाला बिनधास्त "शून्य" सांगायची. आम्हाला वाटलं, डोंगराळ भागातली माणसं, सोशिक असतील. आम्ही शून्य लिहिलं. पुढे कुणी तीन म्हणायला लागलं, कुणी पाच, कुणी आठ. आम्ही लिहीत गेलो. लिहिण्यात आम्ही हुशार!

पाचव्या आठवड्यात मुंबईचा फोन. "तुमच्या भागात मलम लावून निम्म्या लोकांची खाज वाढत चालली आहे. शनिवारपर्यंत खुलासा द्या, नाहीतर काम थांबवा." सरांनी फोन ठेवला. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही. मलाही खरंच रडू आलं. एवढी माणसं जमवली, जपली, आणि आपणच त्यांना खाजवायला लावलं की काय!

दुसऱ्या दिवशी माझ्याच गावची शेवंतामावशी तपासणीला आली. पाठ एकदम स्वच्छ. मी जड मनानं विचारलं, "मावशी, खाजेला किती गुण?"

"धा!"

"दहा? अगं, पाठीवर तर काहीच नाही. कुठे खाजतंय?"

"खाजतंय कशाला? खाज गेली की! पैल्यांदा औशीद लावलं न्हवतं तवा गुण कुठनं यील? शून्य. आता सोळा आनं गुण आला, धाच्या धा!"

मी मोपेडला किक मारायची विसरून पायीच गावात सरांच्या राहत्या खोलीकडे पळाले.

खुलासा गेला, काम वाचलं. सर म्हणाले, "तो गुण शब्दच काढून टाका." मी लोकांना त्यांच्या भाषेत विचारायला लागले, "रुपयातली किती आणे खाज राहिली?" उत्तरं एकदम चोख यायला लागली. बारा आणे. चार आणे. एका आजोबांची दीड आणा. मी तशीच फॉर्मवर लिहून पाठवली.

मुंबईचा फॅक्स आला, "पेशंट खाजेचे पैसे का देत आहेत?"

*

आठवा आठवडा. शेवटचा दिवस. साठातले अठ्ठावन्न पेशंट हजर! फक्त दोघं गळालेले. सर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते आणि आत-बाहेर करत होते.

मुंबईहून टाय लावलेले साहेब आले. त्यांच्या बॅगेत लाखेनं बंद केलेलं पाकीट. कुणाला खरं मलम, कुणाला नुसतं, याची यादी त्यात. पण पाकीट फोडायच्या आधी एक शेवटचा प्रश्न प्रत्येकाला विचारायचा होता, "तुम्हाला कोणतं मलम होतं ते कळलं होतं का?" सर मला हळूच म्हणाले, "हे जर लोकांना आधीच कळलेलं असेल ना, तर आठ आठवड्यांचं सगळं मुसळ केरात."

"कसं कळणार सर? तुम्हालाच माहीत नाही."

साहेब ओसरीवर आले. लोक दोन रांगा करून बसले होते. बाया-पुरुष मिसळून, गावंही मिसळून. साहेबांनी कौतुकानं विचारलं, "वा! या कसल्या रांगा?"

विठाबाई पुढे झाल्या. "ही खऱ्या मलमाची, ही नुस्त्या मलमाची. तुमाला नावं वाचाया सोपं जावं म्हून बसवली."

साहेबांनी सरांकडे बघितलं. सरांनी माझ्याकडे बघितलं. मग साहेबांनी विठाबाईंनाच विचारलं,

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"आमच्या डेरीतल्या दत्तूनं. पैल्याच हप्त्यात. दुधाला फॅट लावत्यात त्या मशीनवर त्यानं मलमाला फॅट लावून बघितली. येकाला लागली, येकाला लागंना. मंग कुनाची खाज उतराया लागली त्यावरनं खरं कंचं ते कळलं."

"सगळ्या साठ ट्यूबा?"

"मंग! निरगुडसरची मानसं बी आमच्याच डेरीत घिऊन आली. सकाळच्या दुदासंगं मलमाचा नंबर."

साहेबांनी तिथेच पाकीट फोडलं आणि एकेक नाव वाचायला सुरुवात केली. नाव वाचायचे, माणूस हात वर करायचा, आणि तो बरोबर त्याच रांगेत बसलेला! एक आजोबा तेवढे निघाले चुकीच्या रांगेत. साहेब जरा सुखावले. आजोबा हलायला तयार नाहीत. म्हणाले, "कागूद चुकला आसंल साहेब. फॅट चुकत न्हाई."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि बॅग उचलली. सर पायरीवर बसले.

"अहो, मला कुणी एका शब्दानं का नाही सांगितलं?"

"तुमीच म्हनला व्हता, डाक्टरला कळू द्याचं न्हाई," विठाबाई म्हणाल्या. "सात गावांत ताकीद दिली व्हती आमी."

सर दुसऱ्या रांगेकडे बघत राहिले. नुसत्या मलमाची रांग. सगळे खाजवत बसलेले. विठाबाईही जाऊन त्याच रांगेत बसल्या.

"तुम्हाला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं की तुमच्या ट्यूबमध्ये औषध नाही. तरी आठ आठवडे एसटी बदलून आलात?"

"मानसं गळाली की तुमचं काम बंद पडतंया, आसं ह्या बाई घरोघर सांगत व्हत्या. मंग कसं गळायचं?" विठाबाईंनी कोपर खाजवलं. "मोजून बघा डाक्टर, आमच्या रांगंतलं येक बी मानूस गळालं न्हाई. गळालं ते दोगं बी खऱ्या मलमाचं. बरं झालेलं मानूस परत येतंय व्हय!"