कंडेम न झालेला कॉम्प्युटर

आमच्या घरात कॉम्प्युटर सोडून सगळे वेळेवर उठतात.

ईशान, मीरा, महिनाभर हाच तमाशा चालला होता. बटण दाबलं की आतला पंखा घुंई करायचा, काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक पांढरी ओळ उमटायची आणि पुढे सगळं ठप्प! (मी इंग्रजीत एम.ए. आहे; ओळीतले शब्द सगळे कळले, अर्थ एकाचाही लागला नाही.)

तुमच्या बाबाने फोनवरून निकाल दिला, "आई, दहा वर्षांचा डबा आहे तो. टाकून दे, मी टॅबलेट पाठवतो."

दहा बोटांनी टाइप करणारी मी एका बोटाने काच टोकरत तुम्हाला पत्रं लिहू? शक्य नाही!

तुमचे आजोबा केंद्र सरकारातून निवृत्त झाले, पण सरकार त्यांच्यातून अजून निवृत्त झालेलं नाही. त्यांनी फुलस्केप कागदावर टिपणी तयार केली: 'सदर यंत्र कंडेम करून भंगारात द्यावे.'

"सही कर."

"अहो, मुळीच करणार नाही!"

"मग रविवारपर्यंत मुदत. त्यानंतर कबाडीवाला."

मी डबा शालीत गुंडाळला, मांडीवर घेतला आणि ई-रिक्षात बसले. शेजारच्या बाईने कौतुकाने विचारलं, "आंटीजी, कितने महीने का है?"

"दस साल का," मी म्हणाले. ती पुढच्याच वळणावर उतरली.

मार्केटमधल्या दुरुस्तीवाल्या सरदारजींनी बटण दाबलं आणि तो पठ्ठ्या ताबडतोब सुरू! घरी आणला, पुन्हा पांढरी ओळ. दुसऱ्या दिवशी परत रिक्षा. दुकानात सुरू, घरी बंद! तिसऱ्या फेरीला सरदारजींनी हळूच विचारलं, "माताजी, घर में कोई टेंशन है क्या?"

वरच्या मजल्यावरच्या चोप्राबाई म्हणाल्या, "मुँह पूरब की तरफ करो।" मी साफ नकार दिला. आजोबांनी गुपचूप टेबल फिरवलं. आता वायरच प्लगपर्यंत पोचेना! मग टेबल परत पहिल्या जागी.

रविवारी सकाळी सरदारजी स्वतः घरी आले. खाली कबाडीवाला हजर. दारात आजोबा, हातात टिपणी. सरदारजी डब्याच्या मागे वाकले.

"माताजी, ये क्या लगा रखा है?"

"पेन ड्राइव्ह. बच्चों की चिट्ठियों की कॉपी।"

"यही तो! ये उठते ही चालू होने का प्रोग्राम पहले इसमें ढूँढता है। कुछ मिलता नहीं, तो बैठ जाता है।"

महिन्यापूर्वी तुमच्या बाबानेच बजावलं होतं, "आई, पत्रांची कॉपी ठेवत जा." म्हणून मी तो पेन ड्राइव्ह कायमचा जागेवर लावून टाकला. वस्तू जागेवर हवी, ही माझी शिस्त! दुकानात जाताना मात्र तो आठवणीने काढून पर्समध्ये ठेवायचे (खासगी पत्रं परक्याच्या हाती कशी द्यायची?) आणि घरी आल्यावर, चपला काढायच्याही आधी, पुन्हा लावायचे.

सरदारजींनी तो उपसला. कॉम्प्युटर सुरू! कबाडीवाला रिकाम्या हाताने परत गेला.

आजोबांनी पेन काढलं. "बिघाडाचं कारण काय लिहू?"

"लिहा, 'मागील बाजूस किरकोळ अडथळा.'"

"आणि तो कोणी आणला?"

"ते गोपनीय!"

टॅबलेट नको, असं मी तुमच्या बाबाला ठणकावून कळवलं आहे. त्याने विचारलंच, तर आजीने महिनाभर झुंजून स्वतः दुरुस्त केला, एवढंच सांगा. आणि हे पत्र वाचून झालं की लगेच डिलीट करा. कसं करायचं ते अडलं, तर मला विचारा. या कुटुंबातली कॉम्प्युटरतज्ज्ञ सध्या मीच आहे!