पोटोमॅकच्या काठी तीन फेऱ्या, फूल एकही नाही

सासूबाई ऑक्टोबरमध्ये नागपूरहून आमच्याकडे वॉशिंग्टनजवळ अ‍ॅशबर्नला आल्या, त्या जाहीर करूनच. "गुडघे गेले आता. ही माझी शेवटची खेप. ती जपानी चेरीची फुलं तेवढी डोळ्यांनी बघून जाईन." वॉशिंग्टनला पोटोमॅक नदीकाठच्या पार्कात जपानने भेट दिलेली ही झाडं आहेत. माझ्या नवऱ्याने, निखिलने, मागच्या वर्षीच्या बहराचे फोटो बघून मार्चअखेरचं परतीचं तिकीट काढून टाकलं. झाडांना कोणी विचारलं नाही.

जाणार असाल तर गाडी नेऊ नका. आमची पहिली फेरी अर्धी पार्किंग शोधण्यातच गेली. अ‍ॅशबर्नहून मेट्रोने तासभर, पुढे वीस मिनिटं चाल. खायचं घरूनच न्या. आम्ही दशम्या आणि बटाट्याची भाजी नेली होती.

ऑक्टोबरमध्ये पानं अशी काही तांबडी-पिवळी झाली होती की मी फोटो काढत सुटले. सासूबाईंनी चारी बाजूंना पाहिलं.

"पानं झडून राहिली. फुलं कुठायत?"

"आई, फुलं वसंतात येतात."

"मग आत्ता काऊन आणलंस मला?"

मी दशमी पुढे केली.

संक्रांतीनंतरच्या रविवारी पुन्हा गेलो. नदीवरून बोचरा वारा, झाडांच्या नुसत्या काड्या. तीन स्वेटरांवर निखिलचं जॅकेट चढवून सासूबाई एकेका खोडावर हात ठेवून निदान करत होत्या. "हे गेलं. हेही गेलं." पार्कातली एक वयस्क स्वयंसेविका हसून म्हणाली, झाडं फक्त झोपलीत. मी मराठीत सांगितलं.

"इतके महिने झोपतं? आमच्या निखिलवर गेलंय."

मग त्यांनी बाईंच्या हातावर तिळगूळ ठेवून गोड बोलायला बजावलं. बाईंनी आदराने विचारलं, "हे पक्ष्यांसाठी आहे का?"

मार्चमध्ये कळ्या धरल्या आणि नेमकी थंडीची लाट आली. विमान गुरुवारी. बुधवारी रजा टाकून आम्ही पार्क गाठला. कळ्या फुगून गुलाबी झालेल्या, पण मिटलेल्याच. सासूबाई झाडाला म्हणाल्या, "उद्या संध्याकाळचं विमान आहे बाप्पा माझं." बाकावर तासभर वाट पाहिली.

"आई, तिकीट बदलू का? पैसे जाऊ देत, यार," निखिल म्हणाला.

"नको. रामनवमीला भजनी मंडळात पेटी मीच वाजवते."

परतताना मेट्रोत त्यांनी दशमीला हातही लावला नाही. मला फार वाईट वाटलं. खरं सांगते, स्वयंपाकघर परत ताब्यात येण्याचे दिवस मी मोजत होते, पण त्या दिवशी राग आला तो झाडांचाच.

थंडी ओसरली आणि रविवारी आम्ही दोघं गेलो, तर सगळा काठ पांढरा-गुलाबी! पाय ठेवायला जागा नाही. मी धावतच नागपूरला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, बघा!"

"दाखवू नकोस!" त्यांनी डोळ्यांवर पदर घेतला. "आधी कॅमेरा फिरव दुसरीकडे. सगळं आत्ताच बघून टाकलं तर पुढच्या वर्षी येऊन काय करू?"

"पण गुडघे?"

"गुडघ्यांचं मी पाहते. निखिलला म्हणावं, झाडांना विचारून तिकीट काढ."

घरी आल्यावर त्यांच्या खोलीत टाकायला मागवलेलं माझ्या ऑफिसकामाचं टेबल मी कॅन्सल केलं.