सोमवारचा झटका

हात धुतल्याशिवाय माझा मामा कुणाच्या घरात पाऊल टाकत नाही. चाळीस वर्षं गिअरबॉक्स उघडणाऱ्या माणसाची ही खोड म्हणजे रोजचा अर्धा तास. लाकडाचा भुसा, धुण्याचा साबण, झिजलेला ब्रश, आणि एवढं करून नखं काळी ती काळीच. तरी तो घासतो. गॅरेजच्या आसपासचे सगळे, त्याच्याहून म्हातारेसुद्धा, त्याला मामाच म्हणतात. त्यामुळे सख्खी भाची असल्याचा माझा तोरा तिथे कधी चालला नाही.

मामाचं एक ठाम मत होतं. गाडी खोटं बोलत नाही, चालवणारा बोलतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं एक टोक गिअरबॉक्सला आणि दुसरं कानाला लावून तो डोळे मिटायचा आणि आत काय कुरकुरतंय ते सांगायचा. शेजारच्या गाळ्यातली स्कॅनरवाली गाडीला वायर जोडून पडद्यावर दोष वाचते. ती गाड्यांची लेखी परीक्षा घेते, असं मामा म्हणायचा. त्याचा हा दिमाख मला आवडायचा. खरं तर मला मामाचं सगळंच आवडतं, म्हणून हे सांगताना त्याला सांभाळून घ्यायचा मोह होतोय. पण घेणार नाही. मीही त्यातून सुटणार नाहीच आहे.

आईच्या डाव्या गुडघ्याने केव्हाच राजीनामा दिलाय. क्लच दाबणं जमत नाही, म्हणून मामाने धुंडाळून तिला ऑटोमॅटिक गाडी आणून दिली. आई निवृत्त नर्स. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन ती त्यांच्या जखमांची मलमपट्टी करते. सोमवार ते शुक्रवार पाच-सहा घरं तिची वाट बघत असतात. गाडी असेल तर आई त्या घरांत, नसेल तर खिडकीत. इतका साधा हिशेब होता.

दर रविवारी सकाळी मामा यायचा. आधी गाडीची एक फेरी मारून आणायचा, मग ती धुवायचा. पाण्याचा जोरदार फवारा मारणारा गॅरेजमधला पंप तो खास त्यासाठी घेऊन यायचा. बॉनेट उघडून इंजिनसुद्धा असं लख्ख करायचा की बघतच राहावं. लहानपणी आईने त्याला खसाखसा घासून अंघोळी घातल्या होत्या, त्याचं हे उट्टं असं आई म्हणायची, आणि बाल्कनीतून कौतुकाने बघत बसायची.

मग गाडी झटके देऊ लागली. पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना मागून कुणी ढकलल्यासारखा धक्का बसायचा. कधी ती तिसऱ्यातच अडकून रांगत राहायची. सोमवारी जास्त होतं आणि गुरुवारपर्यंत बरी होते, असं आईने सांगितलं तेव्हा मी हसले. मामा तर दर रविवारी गाडी चालवून बघत होता आणि त्याच्याकडे ती अगदी शहाण्यासारखी वागत होती. त्याचं म्हणणं, शनिवार-रविवारच्या सुट्टीत ताईचा पाय सवय विसरतो आणि सोमवारी ती दोन्ही पॅडल एकदम दाबते. आई एका वहीत तारखा लिहायला लागली. ती वही आम्ही उघडूनही पाहिली नाही.

एका सोमवारी फाटकातून बाहेर पडताना असा झटका बसला की गाडीचा पुढचा दिवा खांबावर आपटून फुटला. कुणाला लागलं नाही, पण माझा पारा चढला. मी मामाला बोलावून घेतलं आणि त्याच्यासमोरच आईला सांगितलं की आता बास झालं. आईने मामाकडे बघितलं.

"ताई, आता वय झालं," तो हळूच म्हणाला. "विकून टाकू."

आईने दोन्ही किल्ल्या टेबलावर ठेवल्या, बँडेजची पिशवी कपाटात वर टाकली आणि उगाचच चष्मा पुसत बसली. एक किल्ली मामाने उचलली, दुसरी मी पर्समध्ये टाकली. मला हायसं वाटलं, हेही सांगून टाकते.

गिऱ्हाइकाला दाखवायची म्हणून मामाने गाडीला नवा दिवा बसवला आणि नेहमीसारखी आतून-बाहेरून धुतली. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमधून ती बाहेर काढली, आणि कोपऱ्यावर पोहोचायच्या आत गाडीने झटका दिला. या वेळी पाय मामाचा होता.

त्याने गिअरबॉक्सचं तेल उतरवलं. ते स्वच्छ होतं. स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. आतून कसलीच तक्रार नव्हती. दुपारभर असाच डोकं खाजवून झाल्यावर तो जन्मात पहिल्यांदा शेजारच्या गाळ्याची पायरी चढला.

गिअरबॉक्स ठणठणीत आहे, पण त्याला हुकूम देणारा डबा मधूनच मूग गिळून बसतो, असं स्कॅनरवालीने सांगितलं. तो मॉड्यूल बॅटरीच्या शेजारी असतो, पंजाएवढा, आणि गिअर कधी बदलायचा ते तोच ठरवतो. तिने त्याची वायर सोडवली. सीलचं रबर चिरलेलं, पिना हिरव्या पडलेल्या, आणि आत पाण्याचे थेंब.

"मामा, इंजिनावर पाणी कोण मारतं?" तिने सहज विचारलं.

मामा तिथल्याच एका उपड्या डब्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

त्या संध्याकाळी तो आमच्या दारात उभा राहिला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते. हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्याने आईची वही मागितली आणि उंबऱ्याबाहेर उभ्यानेच वाचली. सोमवार, मंगळवार, सोमवार, सोमवार, मंगळवार. प्रत्येक पानावर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा उठत गेला.

"गाडी खोटं बोलत नव्हती, ताई. तूही नव्हतीस. दर रविवारी मीच तिच्यात पाणी घालत होतो, आणि वर तुलाच बोलत होतो."

त्याचे डोळे भरले होते. माझी तर मान वर होईना. आईने त्याच्या हातातून वही काढून घेतली.

"आधी हात धुऊन ये," ती म्हणाली. "मग बस."

सडलेल्या पिनांचा तो मॉड्यूल वाळवून उपयोग नव्हता. नवा यायला आठ दिवस लागले. स्कॅनरवालीने त्यात गाडीचा नंबर भरला, नाहीतर त्याने गाडीला ओळखच दाखवली नसती. बाकी तो कोरा होता. चालवणाऱ्याचा पाय कसा पडतो ते बघत बघत तो गिअर बदलायला शिकतो, त्यामुळे पहिले तीस-चाळीस किलोमीटर कुणीतरी सांभाळून चालवावे लागतात. गॅरेजमध्ये हे काम मामाचंच.

नवव्या दिवशी आमच्या दारात गाडी आली ती टोइंगच्या ट्रकवर चढून. पुन्हा बंद पडली वाटतं, म्हणत शेजारचे बाल्कनीत जमले. मी तरातरा खाली गेले आणि मामाला विचारलं की दुरुस्त झाली नाही का.

"झाली की. चालू होते, गिअर पडतात."

"मग उचलून कशाला आणलीस?"

"कोरी आहे ना. पहिला पाय ताईचा पडू दे," मामा म्हणाला. "माझ्याकडून काय शिकणार ती?"

आई खाली आली. कपाटातली पिशवी तिच्या खांद्याला होती. तिने स्टिअरिंग धरलं, मामा शेजारी बसला, मी मागे. एरवी आई गाडी चालवायची तेव्हा मामाचा हात हँडब्रेकवर टपून असायचा. आज त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते, घासून घासून लाल झालेले. पहिली काही वळणं गिअर अडखळत पडले. मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत दुसरा कधी पडला ते कळेनासं झालं. मामाने सवयीने डोळे मिटले आणि कान लावला.

"बरोबर चाललंय, ताई."

"मला माहितेय," आई म्हणाली.

तिच्या पहिल्या पेशंटच्या घरासमोर तिने गाडी लावली, पिशवी घेतली आणि मागे न बघता माझ्यापुढे हात पसरला.

"दुसरी पण दे."

पर्सच्या आतल्या कप्प्यातली किल्ली मी तिच्या तळहातावर ठेवली. आईने मूठ मिटली, आम्हा दोघांना गाडीतच बसायला सांगितलं आणि एकेक पायरी चढत आत गेली.