आधी स्वतःशी खरं

जाफराबादच्या शाळेत मी मराठी शिकवते. त्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वर्गात एका जागी उभं राहवायचं नाही. फळ्यावर लिहिताना हात थरथरायचा. ऐन थंडीत घाम फुटायचा, आणि पोटभर जेवूनही ब्लाउज सैल होत चालले होते. कुणी विचारलं, की मी म्हणायचे, "काही न्हाई, दगदग होऊन राह्यली."

मन शांत होईल म्हणून सकाळच्या योगवर्गाला जाऊ लागले. एका मंगल कार्यालयाच्या गच्चीवर तो भरायचा. शिकवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका, बोलायला रोखठोक. दर आठवड्याला त्या योगातला एक यम, म्हणजे वागण्याचा नियम, समजावून सांगायच्या आणि आठवडाभर पाळून बघा म्हणायच्या. अहिंसा झाली, मग सत्य आलं. मला वाटलं, हे सोपं आहे. मी कुठं खोटं बोलते?

त्याच सकाळी शवासनात पडले होते. बाकीच्या बायका निवांत. माझ्या छातीत मात्र नुसती धडधड. कधी एकदा उठून चालायला लागते असं झालेलं. बाई शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"त्रास होतोय का?"

"न्हाई."

"मंग नाडी एवढी का पळून राह्यली? घरी सांगितलं?"

"सांगण्यासारखं काही न्हाई."

त्या रागावल्या नाहीत. "लोकांशी खरं बोलायचं नंतर बघू," म्हणाल्या. "आधी स्वतःच्या जिवाशी खोटं बोलणं थांबव."

घरी येताना त्यांचा रागच आला मला. यांना काय करायचंय? पण रस्ताभर एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. माझी आई छातीच्या दुखण्यानं गेली. तपासणीत तेच निघालं तर, या भीतीनं मी दवाखान्याचं नाव काढत नव्हते. हे मी स्वतःलाही कधी नीट सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घालताना नवऱ्यानं विचारलं, "चेहरा उतरलाय, काय झालं?" "काही न्हाई," म्हणत मी त्याचा डबा पुढं केला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्याला, म्हणजे माझ्या सासूला, चहा देताना हात इतका थरथरला, की कप फरशीवर पडून फुटला. आत्या म्हणाली, "काय झालं गं?"

"आत्या, मला बरं न्हाई. लई दिवस झाले. छातीत धडधडतंय आन् मला भेव वाटून राह्यलंय."

ती वाकून काचा चाचपायला लागली. मी तिला अडवलं, तेव्हा हळूच म्हणाली, "मलाबी उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई, डाव्यानं नुसतं अंधुक."

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. तू शाळेतून आली की घरभर भिरभिरती. तुला कवा सांगावं?"

नवरा दारात उभा होता. दोघींचंही त्यानं ऐकलं होतं. "मंग मी या घरात कोण हाय?" एवढंच म्हणाला आणि झाडू घेऊन काचा गोळा करू लागला.

शनिवारी तिघं जीपनं जालन्याला गेलो. वाटेत मी सारखी पदराचं टोक पिळत होते. आत्यानं शेवटी माझा हात घट्ट धरून स्वतःच्या मांडीवर ठेवला. रक्त तपासलं, छातीचा ईसीजी काढला. डॉक्टर म्हणाले, थायरॉईड वाढलंय, हृदयाला काही झालेलं नाही, गोळ्यांनी आटोक्यात येईल. आत्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला.

गोळ्यांनी काही लगेच आराम पडला नाही. कित्येक आठवडे मी तशीच उठबस करत होते. फरक एवढाच, की आता त्रास झाला की सांगत होते. योगवर्गात धडधड वाढली की आसन सोडून भिंतीला टेकून बसायचे. तेसुद्धा सुरुवातीला जमेना. बसल्या बसल्या पाय हलत राहायचा.

पुढं आत्याच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा मी समोरच होते. तिनं भिंत बघितली, खिडकी बघितली, मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

"लई वाळलीस गं," म्हणाली.