ऑर्सिलियाचं झाडलेलं अंगण

घर पडल्याच्या चौदाव्या दिवशी ऑर्सिलिया उजाडताच उठली आणि घर झाडायला लागली. घर म्हणजे आता जमिनीवर सपाट पडलेला सिमेंटचा स्लॅब. तिच्या नवऱ्याने, आनेल्यूसने, सिमेंटची एकेक गोणी डोक्यावरून डोंगरावर आणून पंधरा वर्षांत तो घातला होता. शनिवारी सकाळी जमीन हलली आणि तो त्याच्याच अंगावर आला. वाडीतल्या गड्यांनी पहारी लावून तिसऱ्या दिवशी त्याला बाहेर काढला, आंब्याखाली पुरला, आणि ज्याचा त्याचा ढिगारा उपसायला निघून गेले. आज ऑर्सिलियाने त्या स्लॅबवरची माती झाडली, फुटलेले ब्लॉक कडेला ओळीने रचले, आणि मग खराटा घेऊन सगळं अंगण झाडून काढलं.

शेजारची मेरिलिया केळीपाशी उभी राहून हे बघत होती. चाळीस वर्षांचा शेजार. एकमेकींना टोमणे मारल्याशिवाय दोघींना घास गिळवत नसे.

"काय गं, लगीन काढलंयस वाटतं?"

"पाहुणे यायचेत."

"पाहुणे कसले डोंबलाचे! ताडपत्री कुणाला द्यायची ते बघायला येतायत. चाळीस ताडपत्र्या आणि घरं शंभर. जो जास्त उघडा पडलेला दिसेल त्याला कार्ड, आणि कार्डावर ताडपत्री."

"माझ्या अंगणात पाय ठेवणार ना? मग पाहुणेच."

"अगं बाई, केस सोड, मातीत लोळ, बोंब मार! रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही."

"आनेल्यूस गेला तेव्हा रडले मी. आता परक्यांपुढे रडायचं बाकी राहिलंय का?"

"घाल तो तोरा चुलीत," मेरिलिया म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "रात्री खोकली का गं ती?"

"खोकली," ऑर्सिलिया म्हणाली, आणि खराटा जास्तच जोरात फिरवायला लागली.

मागच्या बाजूला, फणसाच्या झाडाखाली दोन बांबू रोवून त्यांवर दोन चादरी टाकल्या होत्या. त्यांच्या आत ऑर्सिलियाची मुलगी विस्लेन होती, आणि तिच्या कुशीत अकरा दिवसांची पोर. ज्या सकाळी आजोबाला पुरलं त्याच दुपारी नात जन्मली. चार दिवसांपूर्वी एक सर येऊन गेली, चादरी भिजून चिंब झाल्या, तेव्हापासून पोरीच्या छातीत घरघर होती. समुद्राच्या बाजूला आकाश कालपासून काळवंडत होतं. ऑर्सिलियाला या जगाकडून एकच गोष्ट हवी होती. एक ताडपत्री, पुढचा पाऊस यायच्या आत.

पण त्या पोरीला नाव नव्हतं. प्रार्थनाघर पडलं होतं, पाद्री दवाखान्यात होता, बाप्तिस्मा कोण करणार? आमच्या डोंगरात बाप्तिस्मा न झालेलं मूल परक्यांच्या नजरेला पडू देत नाहीत, घरच्या माणसांत त्याला मोजतही नाहीत. बिननावाच्या जिवाला मोजलं की ते मोजणं भलतंच कुणीतरी ऐकतं, असं आमच्या म्हाताऱ्या सांगत आल्या. हसायचं त्याने खुशाल हसावं. ऑर्सिलियाची स्वतःची दोन तशीच गेली होती, त्यामुळे तिला हसू येत नव्हतं.

तिने पेटी उघडून चर्चचा पांढरा झगा काढला, डोक्याला रुमाल बांधला. ढिगाऱ्यातून आश्चर्यकारकरीत्या धड निघालेले दोन चिनी मातीचे कप धुतले. कॉफी हा तिचा जन्माचा धंदा होता. लोखंडी भांड्यात साखर घालून ती बिया अशा भाजायची, की बुधवारच्या बाजारात माणसं वासावरून तिची जागा शोधत येत. आता मूठभर पूड उरली होती, नातीच्या बाप्तिस्म्यासाठी राखलेली. तिने ती सगळी उकळत्या पाण्यात टाकली. उरलेली साखरही टाकली. पाहुण्यांना अर्धी गोड कॉफी देणाऱ्यांतली ती नव्हती.

पाहुणे दहाच्या सुमारास आले. एक रुंद टोपीवाली परदेशी बाई, उन्हाने लालबुंद झालेली, आणि राजधानीहून, पोर्तोप्रेन्सहून आलेला दुभाष्या. पायात स्वच्छ बूट, हातात लिहून घ्यायचं यंत्र. आमच्याकडे कुणाच्याही दारी गेलं की कुंपणाबाहेर थांबून 'ओने!' अशी हाक घालतात. 'तुमच्या घराला मान' असा त्याचा अर्थ. आतून 'रेस्पे!' असं उत्तर आलं की मगच पाऊल टाकायचं. कुंपण पडलंय म्हणून रीत पडत नाही. पण हे दोघे सरळ आत आले. ऑर्सिलियाने त्यांनी न घातलेल्या हाकेला मोठ्याने उत्तर दिलं.

"रेस्पे! या, बसा."

बसायला स्लॅबच होता. परदेशी बाई त्यावर टेकली, इकडेतिकडे बघून काहीतरी बोलली.

"मॅडम म्हणतात, कॉफी वाळवायचा ओटा छान ठेवलाय तुम्ही," दुभाष्या म्हणाला.

ऑर्सिलियाने त्या स्लॅबकडे पाहिलं. हे माझं घर आहे, याच्याखालून माझ्या नवऱ्याला काढलंय, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. पण पाहुणा टेकल्या टेकल्या त्याला बसल्या जागेची लाज कशी वाटू द्यायची? 'घर पडलंय, साहेब,' एवढंच ती म्हणाली.

"ते सगळ्यांचंच पडलंय, मावशी. घरात माणसं किती?"

"दोघी. मी आणि लेक."

"पाच वर्षांखालचं मूल?"

ऑर्सिलियाची नजर फणसाकडे गेली. चादरीमागे विस्लेनने पोरीला छातीशी दाबून धरलेलं असणार, कारण आवाज येत नव्हता. आमच्याकडचं कुणीही माणूस ओळखेल, की मूल नाही म्हणणाऱ्या बाईच्या दोरीवर ही एवढीशी फडकी कशी वाळतायत. मग तो पुढे विचारणार नाही, गुपचूप लिहून घेईल. तिला वाटलं, हाही आपलाच माणूस आहे, ओळखेल.

"नाही," ती म्हणाली.

"शून्य," असं म्हणत दुभाष्याने बोट टेकवलं.

तिने कॉफी पुढे केली. दुभाष्याने दोन घोटांत कप रिकामा केला, 'वा!' म्हणाला. परदेशी बाईने कप दोन्ही हातांत धरला, वास घेतला, हसली, आणि उठताना तो तसाच भरलेला स्लॅबवर ठेवून गेली. जाताना दोघांनी ऑर्सिलियाशी हात मिळवला. कार्ड काही दिलं नाही.

पलीकडे मेरिलिया मातीत पाय पसरून, छाती बडवून असा आकांत करत होती की तिच्या कोंबड्या बुजल्या. तिला कार्ड मिळालं. खरं सांगायचं तर तिच्याकडे नऊ माणसं होती आणि वर आभाळ, तेव्हा रडणं खोटं होतं असंही नाही. पण कार्ड खिशात गेल्यावर ते थांबलं.

"तुला?" तिने पडलेल्या कुंपणावरून विचारलं.

ऑर्सिलियाने तो थंड झालेला कप उचलला आणि विस्लेनला नेऊन दिला.

दुपारी पहिला थेंब पडला तो तिच्या हातावर. चांगला मोठा आणि गार. डोंगराचा माथा दिसेनासा झाला होता. चादरीत शिरून तिने विस्लेनच्या कुशीतून पोर उचलली. विस्लेनला ताप होता, ती 'कुठे, माय?' एवढंच म्हणाली. ऑर्सिलिया पांढऱ्या झग्यानिशीच उतारावरून धावत सुटली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, अनवाणी, निसरड्या पायवाटेवर.

खाली सडकेवर ताडपत्र्यांचा ट्रक उभा होता आणि त्यामागे अजून न पांगलेली रांग. ऑर्सिलिया रांगेत थांबली नाही. थेट दुभाष्यासमोर जाऊन तिने फडकं बाजूला केलं आणि पोर उघडी, दोन्ही हातांवर, सगळ्या जगासमोर धरली.

"ही बघा. अकरा दिवसांची आहे. मी खोटं बोलले. हिला मोजा, साहेब."

दुभाष्याने यंत्रावर बोट फिरवलं. तोही थकला होता. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"सकाळी शून्य होतं आणि दुपारी एक झालं? मावशी, मघाशी एकच मूल तिघीजणी घेऊन आल्या. मी कुणाकुणाचं खरं मानू?"

"माझी नात आहे ती. नाव नव्हतं म्हणून सांगितलं नाही."

"नाव नव्हतं म्हणून?"

ताडपत्रीची घडी डोक्यावर घेऊन मेरिलिया बाजूलाच उभी होती. ती पुढे घुसली. "अरे, तिचीच आहे! या हातांनी नाळ कापलीय मी!"

"शेजारीण असंच म्हणणार," दुभाष्या म्हणाला. मग जरा नरमला. "यादी बंद झालीय हो. हे बघा, ट्रक रिकामा आहे. पुढच्या गुरुवारी परत येऊ. तेव्हा अंगणातच दाखवा, मी लिहीन."

परदेशी बाई ट्रकच्या दारातून वाकून बघत होती. तिने बोट पुढे करून पोरीच्या गालाला लावलं, तिचे डोळे भरून आले, आणि ती काहीतरी म्हणाली.

"मॅडम म्हणतात, बाळ फार सुंदर आहे."

नेमकं तेच. बिननावाच्या मुलाला कुणी सुंदर म्हटलं तर लगेच तीनदा थुंकायचं आणि 'छे, माकड आहे माकड' म्हणायचं, हे ऑर्सिलियाला झोपेतसुद्धा सुचलं असतं. पण तिचं तोंड कोरडं पडलं होतं. तिला थुंकी आली नाही.

परत वर चढेपर्यंत पावसाने झोडपून काढलं. पोरीला तिने झग्याच्या आत, छातीशी घेतलं होतं, तरी झगाच भिजला तिथे काय राहणार कोरडं? पोर खोकत होती. मग खोकायची थांबली, आणि ते जास्त वाईट होतं. अंगणात चादरी चिखलात पडल्या होत्या. विस्लेन स्लॅबवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"ऊठ," ऑर्सिलिया म्हणाली आणि एका हाताने तिला ओढत मेरिलियाकडे निघाली.

मेरिलियाच्या मुलांनी निळी ताडपत्री चार खांबांवर ताणली होती आणि नऊ माणसं खाली दाटीवाटीने उभी होती. भिंत नव्हती, दार नव्हतं. तरी जिथे पूर्वी कुंपणाचं फाटक होतं तिथे ऑर्सिलियाचे पाय थांबले.

"ओने!" तिने हाक दिली.

ताडपत्रीवर पाऊस बडवत होता. कुणाला ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा हाक दिली. उत्तर नाही. हाताखाली ते इवलंसं अंग गार लागत होतं, आणि माय-लेकी उभ्या होत्या, कारण कुणी 'रेस्पे' म्हटलं नव्हतं. मग जन्मात पहिल्यांदा ऑर्सिलिया उत्तराची वाट न बघता दुसऱ्याच्या घरात शिरली.

दाटीत ढकलाढकल झाली. मेरिलियाने पोर ओढून घेतली, तिचं ओलं फडकं काढून फेकलं, स्वतःची चोळी सोडून तिला उघड्या छातीवर चिकटवलं आणि पाठ चोळायला लागली. मागून मेरिलियाचा आंधळा सासरा जागा करायला सरकत ओरडला, "कोण आलं? किती जण आहात?"

ऑर्सिलिया मेरिलियाच्या हाताकडे बघत होती. तो हात वरखाली, वरखाली चालला होता, आणि त्याखालून अजून काही आवाज येत नव्हता.

"तिघी," ती ओरडली. "आम्ही तिघी आहोत, बाबा. तिघी!"