एक शब्द, दोन इमारती

आमच्या विद्यापीठात सोशल पॉलिसी, म्हणजे सरकारी समाजकल्याणाचा अभ्यास, एका इमारतीत आणि इंग्रजी साहित्य समोरच्या इमारतीत. मधे ओली हिरवळ, दोन बाकं आणि हिवाळ्यात भर दुपारीच उतरू लागणारा निळसर अंधार. मँचेस्टरमधली ती वर्षं मला त्या हिरवळीवरून चालतानाच आठवतात. मी चाळिशीतली, पडद्याच्या कापडाचा स्टॉल स्वतःच्या हिमतीवर उभा केलेली बाई. शनिवारी बाजारात गिऱ्हाइकांशी भांडायचं, सोमवारी दोन्ही विषयांच्या वर्गांत बसायचं. ट्रामच्या काचेला डोकं टेकलं की दोन्हीकडचं वाचलेलं एकमेकांत विरघळायचं. कौन्सिलच्या सरकारी घरांसाठीच्या रांगेत कादंबऱ्यांतल्या बायका लांब झग्यांत उभ्या दिसायच्या.

शेवटच्या वर्षाचा मोठा निबंध दोन्ही विभाग मिळून तपासणार होते. माझा फर्स्ट क्लास त्याच्यावरच अडकला होता. विषय होता घर मागणाऱ्या विधवांचा, कादंबरीतल्या आणि कायद्यातल्या. टिपणं मी मराठीत काढायचे, हात तसाच धावतो. त्यात एक ओळ होती : ‘जी पात्र नाही, तिला घर नाही.’ इंग्रजीत उतरवताना मन कादंबरीत होतं. ‘एलिजिबल’च्या जागी ‘कॅरेक्टर’ पडलं.

साहित्याच्या बाईंनी त्या ओळीशेजारी पेन्सिलीनं लिहिलं, ‘सुंदर!’ पॉलिसीच्या सरांनी तिलाच लाल गोल केला, ‘निष्काळजी इंग्रजी.’ बाईंनी हात सैल सोडला, सरांनी आखडला, आणि फर्स्ट क्लास थोडक्यात गेला.

मी तडक सरांकडे गेले.

“सर, आमच्या भाषेत दोन्हीला एकच शब्द आहे.”

“म्हणजे मुद्दाम लिहिलंत?”

“हात चुकला. वाक्य चुकलं नाही.”

“निबंध इंग्रजीत आहे,” ते चहातली पिशवी पिळत म्हणाले.

“दोन मार्क तरी वाढवा.”

“हा बाजार नाही.”

“बाजार असता तर तुम्ही माल नीट उलटून बघितला असता!” म्हणत मी दार आपटलं.

हिरवळ ओलांडून बाईंकडे गेले. खरं काय ते सांगितलं. त्या हसल्या.

“कळलं होतं मला. पुढच्याच ओळीत तुम्ही बरोबर शब्द लिहिलाय.”

“मग सुंदर कशाला म्हणालात?”

“सुंदर होती म्हणून. माझ्या वाटचे सगळे मार्क दिले. त्यांच्या वाटचे माझ्याकडे नाहीत हो.”

बाहेर येऊन मी बाकावर बसले. दोन्ही इमारतींत दिवे लागले होते. धुक्यात त्यांच्या खिडक्या एकाच घराच्या वाटत होत्या, आणि त्या घराला मी पात्र होते, दोन्ही अर्थांनी.

अजूनही ट्राम तिथून जाते तेव्हा मी मनात सरांशी घासाघीस करते. दोनावरून एका मार्कावर आले आहे. त्याखाली उतरणार नाही.